आमचं नाव वगळा, असं सांगणाऱ्या संग्रहालयास खुलं पत्र

प्रति,
संचालक आणि विश्वस्त मंडळ

विषय : माझ्या मांडणशिल्पातून संग्रहालयाचं नाव वगळण्याची आपली सूचना

स. न. वि. वि.

आपल्या कार्यालयाकडून आलेली सूचना मला मान्य नाही. हे मी लेखी कळवलं. त्यावर दोन ओळींची पोच आली आणि आपल्या लेखी विषय बहुधा तिथेच मिटला. माझ्या लेखी तो मिटलेला नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दामच घेत नाही. माझं भांडण आपल्या कर्मचाऱ्यांशी नाही. माझ्याबरोबर रात्री उशिरापर्यंत थांबून ज्यांनी छतातून तारा ओढल्या, त्यांना या पत्राचा ताप व्हायला नको. शिवाय नाव न घेताही हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटणारी संग्रहालयं बरीच निघतील.

ज्यांनी काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दालनात एक वेगळं वायफाय आहे. ज्याला वाटेल त्याने आपला फोन त्याला जोडायचा. खिशात गप्प पडलेला फोनही सतत कुणाकुणाला हाका मारत असतो: हवामान, मेल, नकाशा, कधीकाळी उतरवून विसरलेला एखादा खेळ. त्यांच्यात काय बोलणं होतं ते मला दिसत नाही, दिसू नये अशीच मांडणी केली आहे. हाक कुणाला मारली एवढं मात्र दिसतं. त्या नावामागचा सर्व्हर कोणत्या देशात नोंदलेला आहे ते शोधलं जातं आणि भिंतीवर एक रेघ उमटते. पाच-सात मिनिटांत समोरच्या माणसाचं नागरिकत्व भिंतीवर मांडून होतं: इतके टक्के या देशाचा, इतके त्या देशाचा. ज्या देशाचा पासपोर्ट त्याच्या घरी कपाटात आहे, त्याच्या वाट्याला बरेचदा एक आकडी टक्के येतात. फोन वायफायवरून सुटला की नोंद पुसली जाते. काहींच्या फोनमध्ये ही नावंसुद्धा सांकेतिक करून पाठवण्याची सोय चालू असते, त्यांची भिंत कोरीच राहते. ते बिचारे हिरमुसतात. मला स्वतःला ती कोरी भिंत फार आवडते.

हा विचार मी हवेतून काढलेला नाही. २०१५ साली जेम्स ब्राइडल या कलाकाराने 'सिटिझन एक्स' नावाचं काम केलं. ब्राउझरला जोडायची ती एक छोटी पुरवणी होती. आपण ज्या संकेतस्थळांवर जातो त्यांचे सर्व्हर कुठे आहेत ते पाहून ती आपलं 'अल्गोरिदमिक नागरिकत्व' टक्क्यांत सांगायची. त्याला पार्श्वभूमी होती २०१३ची. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदपत्रांतून कळलं की ही यंत्रणा एखाद्याची माहिती गोळा करताना तो परदेशी आहे की नाही हे खुणांवरून ताडते, आणि ५१ टक्के खात्री झाली तरी तिला पुरते. म्हणजे कायद्याचं संरक्षण मिळणार की नाही, हे जन्मदाखल्यावर ठरत नाही. नाणं उडवून जितकी खात्री मिळते, त्याहून एक टक्का जास्त मिळाली की झालं. सर्व्हरची जागाही अंदाजानेच कळते, एकच संकेतस्थळ दहा देशांतून उत्तर देऊ शकतं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच भिंतीवरचा आकडा दर मिनिटाला बदलतो. अंदाजावर बेतलेलं नागरिकत्व दिसतं कसं, तेच तर मला दाखवायचं होतं.

आता मुद्द्यावर येते.

आपल्याकडे तिकीट फक्त ॲपवरच मिळतं. त्यामुळे दालनात शिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये आपलं ॲप उघडंच असतं. प्रदर्शन सुरू झालं त्याच दिवशी भिंतीवर एक गोष्ट ठळक दिसू लागली: मधोमध संग्रहालयाचं नाव, आणि त्याच्याबरोबर त्याच क्षणाला निघणाऱ्या रेघांचा पिसारा. त्यात जाहिरातींचा हिशेब ठेवणाऱ्या कंपन्या होत्या, एका ॲपमधला माणूस दुसऱ्या ॲपमध्ये ओळखून काढणाऱ्या सेवा होत्या. मला सुरुवातीला वाटलं, फोनमधली दुसरी ॲपं मध्ये येत असतील. म्हणून एक कोरा फोन घेतला, त्यात फक्त आपलं ॲप टाकलं आणि जोडला. पिसारा तसाच उमटला. एक बाई तिकीट काढून नुकत्याच आत आल्या होत्या. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी तर अजून एकही चित्र पाहिलं नाही."

त्यानंतर आपला निरोप आला. आपलं नाव आणि आपल्या ॲपशी संबंधित पत्ते 'वगळायच्या यादीत' टाकावेत, कारण त्यामुळे प्रेक्षकांचा अकारण गैरसमज होतो.

त्या रेघा खऱ्या आहेत. त्या पाहून प्रेक्षकाचा जो समज होतो, तो बरोबर आहे. माझं काम म्हणजे एक मोजमाप आहे, आणि मोजमापातून एकाला सूट दिली की उरलेल्या सगळ्यांचं मोजमापही खोटं पडतं. आज यजमानाला वगळायचं, उद्या प्रायोजकाला, परवा प्रायोजकाच्या भावाला. मग भिंतीवर काय उरेल? दूर कुठेतरी कुणीतरी वाईट लोक पाळत ठेवतात, अशी एक सुखाची गोष्ट. तशी गोष्ट आपल्याला चालली असती, याचंच मला जास्त वाईट वाटतं. पाळतीवरचं प्रदर्शन भरवायचं, त्याच्या फलकावर धीट शब्द लिहायचे आणि दारात तीच पाळत चालवायची, हे दोन्ही एका छताखाली चालणार नाही. माझी मुख्य तक्रार हीच. बाकीच्या तक्रारी तिच्याच पोटातल्या आहेत.

तिकिटाच्या अर्जात नाव, फोन नंबर, जन्मतारीख आणि राष्ट्रीयत्व भरावं लागतं. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापुढे लाल चांदणी आहे. तो रिकामा ठेवला तर तिकीट पुढे सरकत नाही. चित्रं बघायला आलेल्या माणसाचं राष्ट्रीयत्व संग्रहालयाला कशासाठी हवं, असं मी विचारलं. वार्षिक अहवालात एक तक्ता असतो, त्यासाठी, असं उत्तर मिळालं. यावर मला आपल्याच व्यवसायातल्या एका माणसाची आठवण करून द्यायची आहे.

विलेम सँडबर्ग हे ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात क्युरेटर होते आणि हाडाचे मुद्रणकलाकार. नाझींच्या ताब्यातल्या त्या शहरात लोकसंख्या नोंदणी कार्यालय होतं आणि तिथे सुमारे आठ लाख माणसांची कार्डं लावून ठेवलेली होती. कार्डावर धर्माचीही नोंद असे. ही नोंदवही कुणा क्रूरकर्म्याने सुरू केली नव्हती. युद्धाच्या कितीतरी आधीपासून नीटनेटक्या कारभारासाठी ती ठेवली जात होती. उद्या ती कुणाच्या हाती पडेल, हा प्रश्न रकाने आखणाऱ्यांना पडलाच नाही. सँडबर्ग आणि त्यांचे साथीदार लपलेल्या लोकांसाठी खोटी ओळखपत्रं बनवत. पण ओळखपत्र कितीही हुबेहूब असलं तरी मूळ कार्डाशी ताडून पाहिलं की पकडलं जाई. म्हणून कार्डंच जाळायचं ठरलं. २७ मार्च १९४३ च्या रात्री शिल्पकार गेरिट व्हान डर वेन, चित्रकार आणि लेखक विलेम अरोंडेयस आणि त्यांचे सोबती पोलिसांच्या वेषात त्या इमारतीत शिरले. पहारेकऱ्यांना इंजेक्शन देऊन झोपवलं, उचलून बाहेर ठेवलं, कार्डांचे खण उपसून त्यांवर ज्वालाग्राही द्रव ओतला आणि स्फोट घडवला. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी आधी वेळ काढला आणि मग कार्डांवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मारलं, असं सांगतात. एवढं करूनही नष्ट झाली ती साधारण पंधरा टक्के कार्डं. पुढे फितुरी झाली. १ जुलै १९४३ रोजी अरोंडेयससह बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. सँडबर्ग निसटले, नाव बदलून युद्ध संपेपर्यंत लपून राहिले आणि १९४५ साली त्याच संग्रहालयाचे संचालक झाले.

हे मी आपल्याला सांगावं असं नाही; संग्रहालयशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने सँडबर्ग यांचं नाव ऐकलेलं असतं, त्यांच्या कॅटलॉगांची तर आपल्याकडे वाखाणणी चालते. पण त्यांच्या आयुष्यातला हा भाग तिकिटाच्या अर्जापर्यंत पोचलेला दिसत नाही. आज तुमचं सरकार भलं असेल, उद्याचंही असेल. पण रकाना भरून घेतला की तो कुणाच्या कामी येईल हे पुढे आपल्या हातात राहत नाही.

कुणी म्हणेल, ही ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. मग २०२१ ची घ्या. बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांची संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने मदतीसाठी नोंदणी केली: नावं, छायाचित्रं, बोटांचे ठसे. ती माहिती बांगलादेश सरकारमार्फत म्यानमारला, म्हणजे हे लोक जिथून जीव मुठीत घेऊन पळाले त्याच देशाला गेली, आणि यासाठी पुरेशी समजून-उमजून संमती घेतली नव्हती, असं ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने त्या वर्षी मांडलं. निर्वासित संस्थेने आपली बाजू मांडली, संमती घेतली होती असं सांगितलं. वाद बाजूला ठेवू. रेशनच्या रांगेत उभ्या माणसाला 'नाही' म्हणायची सोय किती होती, एवढंच मी विचारते. आपल्या ॲपमध्येही 'मान्य आहे' असं एकच बटण आहे.

यालाच लागून तिसरी तक्रार. माझ्या कामातली नोंद प्रेक्षक बाहेर पडताच पुसली जाते, ती पुसू नये, 'फार मोलाचा डेटा' आहे, संशोधनासाठी जपावा, अशी विचारणा आपल्या एका विभागाकडून झाली. मी नाही म्हटलं. तरी ती पुन्हा झाली. मी भिंतीवर लिहिलं आहे की नोंद ठेवली जात नाही, आणि लोक त्या भरवशावर फोन जोडतात. तो भरवसा माझ्या पाठीमागे विकायला काढू नये. मोलाचा म्हणूनच तो पुसायचा आहे.

दारावरच्या कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. तो माणसं मोजतो, इतकंच मला सांगितलं होतं. प्रत्यक्षात वय, लिंग आणि चेहऱ्यावरची मनःस्थितीही नोंदतो, हे त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. अशा यंत्रांचं काय होतं हे कलाकारांनी आणि संशोधकांनी पुरेपूर दाखवून दिलंय. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या बाजारातल्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त चूक ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. २०१९ साली ट्रेव्हर पॅग्लेन आणि केट क्रॉफर्ड यांच्या 'इमेजनेट रूले' या कामाने लोकांना त्यांच्याच फोटोवर यंत्राने चिकटवलेली विशेषणं दाखवली. त्यातली काही इतकी ओंगळ होती की इथे लिहवत नाहीत. त्या गदारोळात इमेजनेटने, म्हणजे यंत्रांना चित्रं ओळखायला शिकवणाऱ्या ज्या छायाचित्रसंचावर हे काम बेतलं होतं त्याच्या चालकांनी, माणसांची सहा लाख छायाचित्रं काढून टाकण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने सुमारे एक लाख व्यक्तींच्या एक कोटी छायाचित्रांचा संच मागे घेतला. त्या संचात कुणाकुणाचे चेहरे आहेत हे ॲडम हार्वी या कलाकाराने उजेडात आणलं होतं. पाळतीविरुद्ध लिहिणारे पत्रकारही त्यात होते. या मंडळींची कामं संग्रहालयांत मानाने लावली जातात. कॅमेरा खरेदी करणारा विभाग बहुधा वेगळ्या मजल्यावर बसत असावा.

शेवटची तक्रार माझ्या पोटाशी संबंधित आहे. माझा पासपोर्ट पाहून रांगेत बाजूला उभं करतात, असा आहे. ज्यांचा तसा नसतो त्यांना डेटा आणि नागरिकत्व हा परिसंवादाचा विषय वाटतो. २०१९ पासून अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची आपली सगळी खाती लिहून द्यावी लागतात. म्हणजे मी काल कुणाच्या पोस्टला हसले, यावर उद्या माझं प्रदर्शन अडू शकतं. हसन इलाही या अमेरिकी कलाकाराला २००२ साली डेट्रॉइटच्या विमानतळावर अडवलं, पुढे महिनोन्‌महिने चौकशी झाली. त्याने त्यावर अजब तोड काढली: आपण कुठे आहोत, काय खातो, कुठल्या स्वच्छतागृहात जातो याचे फोटो तो स्वतःच रोज सगळ्या जगाला दाखवू लागला. घ्या, हवं तेवढं घ्या! माहितीचा एवढा पूर आणला की तिची किंमतच उरू नये. मला ते काम आवडतं, पण ते प्रत्येकाला परवडणारं नाही, हेही त्याच्या जोडीने म्हणायला हवं. तर, आपण परदेशातल्या निमंत्रित कलाकारांकडून पासपोर्टची प्रत, घरच्यांची माहिती आणि खात्यांची यादी साध्या मेलवर मागवता, ती पुढे प्रवासाचं पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीला पाठवता, आणि प्रदर्शन संपल्यावर ती कुठे असते हे कुणालाच सांगता येत नाही. मी विचारून पाहिलंय. तीन विभागांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

आपली बाजू मला कळत नाही असं नाही. अनुदान देणारे आकडे मागतात. किती लोक आले, तरुण किती, बाहेरगावचे किती, हे दाखवलं नाही तर पुढच्या वर्षी हात आखडता घेतात. पण किती लोक आले हे मोजायला दारात बसलेला माणूस आणि हातातलं टिकटिक यंत्र पुरतं. बाकीचं, ज्याला सांगायचं त्याने कागदाच्या चिठ्ठीवर नाव न लिहिता सांगावं. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या डेटा संरक्षण नियमांतही कामापुरतीच माहिती घ्यावी, एका कामासाठी घेतलेली दुसऱ्याला वापरू नये, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कायदा तिथला असला तरी ही अक्कल कुठेही चालण्यासारखी आहे. आणि जाहिरात-कंपन्यांना जाणाऱ्या त्या रेघांचा तर अनुदानाशी काहीच संबंध नाही. ॲप बनवणाऱ्याने त्याच्या सोयीसाठी त्या आयत्या घातल्या आणि आपल्याकडे कुणी पाहिलं नाही, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर तेही सांगा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, लपवण्यात आहे.

माझ्या मागण्या अशा:

१. भिंतीवरून संग्रहालयाचं नाव वगळलं जाणार नाही. ॲपमधून माहिती बाहेर धाडणारे ते ट्रॅकर काढून टाका, रेघा आपोआप जातील. नाव घालवायचा तेवढा एकच मार्ग मला मान्य आहे.

२. फोन नसलेल्या, किंवा फोन दाखवायचा नसलेल्या माणसाला खिडकीवर रोख पैसे देऊन, नाव न सांगता तिकीट मिळावं.

३. राष्ट्रीयत्व आणि जन्मतारखेचे रकाने अर्जातून काढावेत. सवलतीसाठी वय बघायचं तर दारात बघा, लिहून घेऊ नका. आजवर जे साठवलंय ते पुसावं, आणि पुसल्याचं बाहेरच्या तपासनिसाकडून प्रमाणित करून जाहीर करावं.

४. चेहरा वाचणारा कॅमेरा बंद करावा. केवळ 'वापर स्थगित' अशी पाटी नको, काढून टाकावा.

५. कलाकारांशी होणाऱ्या करारात एक कलम घालावं: निमंत्रणासाठी घेतलेली कागदपत्रं कुणाला दिली आणि ती कधी नष्ट होणार, हे आधी लेखी सांगायचं. माझ्या कामातल्या नोंदींबद्दल पुन्हा विचारणा होऊ नये, हेही त्यातच लिहावं.

प्रदर्शन अजून चालू आहे. या महिनाअखेरपर्यंत पहिल्या आणि चौथ्या मागणीवर निर्णय झाला तर मी काम ठरल्याप्रमाणे चालू ठेवीन, बाकीच्यांसाठी वाजवी मुदत द्यायला तयार आहे; ॲप एका रात्रीत बदलत नाही हे मला माहीत आहे. निर्णय झाला नाही, किंवा माझ्या परवानगीशिवाय वगळायची यादी चालू केली, तर काम मी काढून घेईन. मानधनाचा जो भाग परत करावा लागेल तो करारानुसार परत करीन. ते यंत्र आणि त्याचा सगळा कोड मग कुणालाही घेता येईल असा खुला करीन, म्हणजे ज्या संग्रहालयात हे पत्र वाचून कुणाला शंका येईल, तिथे त्याला स्वतःच्या फोनवर तपासून बघता येईल.

आपलं उत्तर लेखी हवं. ते माझ्या विरोधात असलं तरी या पत्राखाली, एक अक्षर न गाळता, प्रसिद्ध करीन.

कळावे,
आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दालनातली
एक कलाकार